अनुराधाताईंच्या पर्समधली लाल डबी

माझं नाव सुचेता आणि माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आधीच सांगते. अक्षयाचं तसं नाही. इंग्लंडमधल्या स्लाऊ गावच्या वेअरहाउसमध्ये चार वर्षं आम्ही शेजारी-शेजारी पॅकिंग करतोय, तिच्या तोंडून वाकडा शब्द ऐकला नाही. म्हणूनच तिच्या मोठ्या जाऊबाई, अनुराधाताई, तिच्या डोक्यावर मिरे वाटत राहिल्या.

दोन वर्षांपूर्वी अक्षया वाळत चालली. चेहरा काळवंडला, हात थरथरायचे, लोणच्याचा खार ती चमच्याने प्यायची. जीपी, म्हणजे इथले फॅमिली डॉक्टर, म्हणाले, स्ट्रेस. ताई म्हणाल्या, नखरे.

मग हरतालिका आली. इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये तीसेक बायका, आणि ताईंचा हुकूम की उपास निर्जळीच. दुपारी अक्षयाला दरदरून घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली. तिने टॉयलेटमध्ये जाऊन चॉकलेट खाल्लं. ताईंनी तिला दारातच गाठलं आणि रॅपर सगळ्यांना दाखवलं. "नवऱ्यासाठी एक दिवस भूक आवरत नाही हिला. नुसती ढोंगं." कोणी काही बोललं नाही. मीही नाही, त्याची आजही लाज वाटते.

तीन आठवड्यांनी अक्षया पॅकिंगच्या टेबलापाशीच कोसळली. ॲम्ब्युलन्सवालीने बोटाला सुई टोचली. साखर इथल्या मापात दोन पॉइंट चार, म्हणजे नेहमीच्या निम्म्यावर आलेली. हॉस्पिटलमध्ये कळलं, मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी कॉर्टिसॉल बनवतच नव्हत्या. ते हॉर्मोन नसलं की रिकाम्या पोटी शरीराला रक्तातली साखर सांभाळता येत नाही. मिठाची हाव, काळवंडणं, सगळं त्यातलंच. त्या चॉकलेटनेच तिला उभं ठेवलं होतं.

मी म्हटलं, "रिपोर्ट नेऊन त्या बाईच्या तोंडावर फेक."

"नको. त्यांनी त्याच हॉलमध्ये, त्याच बायकांसमोर माफी मागायला हवी," अक्षया म्हणाली. "तोवर मी सोडणार नाही."

या आजारात दिवसातून तीनदा गोळ्या, आणि उलट्या झाल्या किंवा शुद्ध हरपली तर ताबडतोब इंजेक्शन. ते घरच्यांनी शिकून घ्यायचं असतं. अक्षयाने नर्सला ताईंचं नाव दिलं. ताईंना सुई नुसती दिसली तरी घेरी येते, पण राहतात दोन घरं सोडून, नाही म्हणणार कशा?

पुढच्या हरतालिकेला अक्षयाने हॉलच्या मधोमध बसून पोटभर उपमा खाल्ला. मग इंजेक्शनची लाल डबी सगळ्यांसमोर ताईंच्या हातात ठेवली. "माझा जीव तुमच्याकडे, ताई. ढोंग वाटलं तर टोचू नका." ताईंचा चेहरा पांढराफटक पडला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

तेव्हापासून डबी ताईंच्या पर्समध्ये असते. पुण्याला भाचीच्या लग्नालासुद्धा गेल्या नाहीत. त्यांना ठाऊक नाही की अक्षयाचा नवरा परीक्षित हे सगळं आधीच शिकलाय, एक डबी अक्षयाच्या बॅगेत असते, आणि वेअरहाउसमध्ये मी आहेच.

काल जेवणाच्या सुट्टीत ताईंचा फोन आला, अक्षयाने स्पीकरवर घेतला. खाल्लंस का, गोळी घेतलीस का. आवाज रडवेला. मलाच दया आली. अक्षयाने नीट उत्तरं दिली आणि माफीची वाट बघत फोन धरून ठेवला. "जप गं," एवढंच म्हणून ताईंनी ठेवून दिला.

"परीक्षितला आणि मलाही टोचता येतं, हे सांगून टाक आता," मी म्हटलं.

"चुकले म्हणून त्यांनी सांगितलं का अजून सगळ्यांना?" अक्षया म्हणाली, आणि डबा उघडून जेवायला लागली.