तारांकित आप्पा

“पुलाचं काम अपुरं असताना सगळा खर्च झाल्याचं दाखवलंय, हे खरं आहे कायऽऽ?”

आप्पा भीमेच्या काठावर उभे राहून ओरडत होते. मधे नदी, नदीपलीकडं दौंड तालुका, आणि तिथल्या काठावर कपाळाशी हात धरून उभी असलेली त्यांची धाकटी बहीण, आम्हा गावकऱ्यांची सोनाआत्या. आप्पांनी छाती भरून घेतली आणि पुढचा भाग सोडला, “असल्यास, शासनानं चौकशी केली आहे कायऽऽ? नसल्यास, विलंबाची कारणं काय आहेतऽऽ?”

पलीकडून बारीक आवाज तरंगत आला, “दादाऽऽ, जेवलास काऽऽ?”

आप्पांचा आवाज एकदा सुटला की इकडं कवठे येमाईच्या देवळातली घंटा आपोआप हलायची आणि तिकडं खुटबावच्या गाई पान्हा चोरायच्या, असं मी लोकांना सांगत असतो. यातली निदान गाईंची गोष्ट तरी खरी आहे. माझा मंडप आणि स्पीकरचा धंदा. मी एकदा त्यांना म्हटलं, आप्पा, कशाला घसा फाडताय, भोंगा देतो, भाडं नको. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जशी पैलवानाला कुणी कुबडी देऊ केलीय. “भोंग्याला वायर लागती,” ते म्हणाले. “मला लागत न्हाई.”

आता बहिणीशी फोनवर का बोलत नाहीत, असं कुणी परका विचारायचा. बोलत की. पण फोनमध्ये माणूस दिसत नाही म्हणायचे, आणि व्हिडिओ लावला तर आत्या फोन कानाला लावून बसायची, त्यामुळं आप्पांना फक्त तिच्या कानातली कुडी दिसायची.

या सगळ्याला कारण आमचा पूल. तुम्ही पुष्कळ पूल पाहिले असतील, आमच्यासारखा पाहिला नसेल. शिरूरच्या बाजूनं तो झोकात निघतो, नदी ओलांडतो, आणि दौंडच्या मातीला पाय टेकायच्या आधीच हवेत थांबतो. शेवटच्या खांबापासून काठापर्यंत भराव टाकून रस्ता जोडायचा, तेवढा राहिला. पोरं पुलावर क्रिकेट खेळायची. षटकार बसला की चेंडू दुसऱ्या तालुक्यात. बायका मिरच्या वाळत घालायच्या. लग्न ठरलेली जोडपी टोकाशी उभी राहून फोटो काढायची, आणि फोटोत मागं संसाराचा रस्ता तुटलेला दिसायचा. आप्पा मात्र त्यावर पाय ठेवायचे नाहीत; अपुऱ्या कामावर चाललं तर ते पुरं धरतात, म्हणायचे.

कागदावर मात्र भराव पडला होता, पाणी मारून दबला होता, त्यावर रोलर फिरला होता आणि बिलही निघालं होतं. आप्पांनी माहितीच्या अधिकारात हे सगळं काढलं. आणि पूल झालाच म्हटल्यावर होडी कशाला? होडीचा ठेका बंद झाला. होडीवाल्यानं होडी विकली आणि तो एका कंपनीच्या बसवर ड्रायव्हर लागला. म्हणजे पूल नव्हता तेव्हा भाऊ-बहीण दर बाजाराला भेटायची, आणि पूल झाल्यापासून वरच्या अंगाच्या जुन्या पुलावरून फिरून जायचं तर अख्खा दिवस मोडायचा. आत्या विधवा, गुडघे गेलेले, एसटी दोनदा बदलायची. आईबाप गेल्यावर आप्पांनीच तिला वाढवलेलं. त्यांना तो पूल वाहतुकीसाठी नको होता. त्यांना बहीण हवी होती.

आप्पा तरुणपणी मुंबईला आमदार निवासाच्या कॅन्टीनमध्ये होते. तिथं त्यांनी तारांकित प्रश्न नावाची चीज पाहिली. आमदारानं विचारायचा, मंत्र्यानं सभागृहात उभं राहून उत्तर द्यायचं. गावी परत येऊन शेवंती लावली, पण ती भाषा जिभेवरून उतरली नाही. घरात बायकोला, आमच्या काकूंनाही ते तसंच विचारायचे. “चहा ठेवला आहे, हे खरं आहे काय? नसल्यास, विलंबाची कारणं काय?” काकू चुलीपुढून मान न वळवता सांगायच्या, “अंशतः खरं हाय. पानी ठेवलंय.” मंत्रालयातला कुठलाही सचिव इतकं नेमकं उत्तर देणार नाही.

माणूस स्वस्थ म्हणून बसायचा नाही. खुर्चीच्या अर्ध्या भागावर टेकायचे, उरलेला अर्धा जणू उठायला राखून ठेवलेला. अधिवेशन जवळ आलं की अंगात वारं भरायचं. उभ्यानं जेवायचे, चपला घालून झोपायचे, शेवंती खुडताना अर्धी पाटी भरली की ती तिथंच टाकून रस्त्यावर येऊन शिरूरच्या एसटीची वाट पाहायचे. एसटीला उशीर झाला तर चालत पुढच्या थांब्यावर जायचे, मग त्याच्या पुढच्या. एकदा असे चालत चालत ते घोडनदीच्या, म्हणजे शिरूरच्याच, स्टँडवर एसटीच्या आधी पोचले आणि कंट्रोलरला विलंबाची कारणं विचारून आले. मी त्यांच्याबरोबर नव्हतो, पण मी हे पाहिलंय.

प्रश्न मांडायचा तर आमदार हवा. या काठच्या पुढाऱ्यांनी सांगितलं, आप्पा, खड्डा त्या तालुक्यात आहे, तिकडं जा. त्या काठच्यांनी सांगितलं, पूल तुमच्या तालुक्यातून निघालाय, तिकडंच विचारा. आप्पा दोन्हींकडं गेले, दोन्हींकडं चहा प्याले, आणि मग तडक मुंबई गाठून आमदार निवासाच्या जिन्यात ठाण मांडून बसले. जो आमदार उतरेल त्याला नमस्कार आणि कागद. शेवटी पार वैनगंगेकडचे एक आमदार थांबले. त्यांनी भीमा नकाशातही धड पाहिली नव्हती. पण कागद वाचून ते जिन्यातच बसले आणि हसत सुटले. म्हणाले, “पूल आहे, पण जाता येत नाही, असं?” आप्पा म्हणाले, “व्हय सायेब. उडी मारली तर जाता येतं.”

प्रश्न स्वीकारला गेला. त्या दिवसापासून आप्पा आमचे तारांकित आप्पा झाले.

आणि मग जे झालं ते माझ्यासारख्या थापाड्यालाही सुचलं नसतं. प्रश्न आला म्हटल्यावर वरून खाली विचारणा झाली, आणि एका सकाळी पलीकडच्या काठावर डंपरांची रांग लागली. मुरूम पडायला लागला. बांधकाम खात्याचे साहेब स्वतः डोक्यावर रुमाल टाकून उभे. इतकी वर्षं जो भराव जागेवर नव्हता तो बघता बघता उभा राहिला, त्यावर रोलर फिरला, रस्ता पुलाला भिडला. गावात पेढे वाटले गेले. सोनाआत्या काठी टेकत, थांबत थांबत, चालत अलीकडं आली आणि आप्पांच्या ओसरीवर टेकली. एवढ्या जवळून काय आणि किती मोठ्यानं बोलायचं, याची दोघांची सवयच गेली होती.

चार दिवस आप्पा शांत होते. खुर्चीवर पूर्ण बसले होते, काकू साक्षीला आहेत. मग विधानसभेत उत्तर आलं. प्रश्नोत्तराचा तास गोंधळात गेला, वैनगंगेच्या आमदारांना उपप्रश्न विचारताच आला नाही, उत्तर नुसतं छापून पटलावर ठेवलं गेलं. काम अपूर्ण आहे, हे खरे आहे काय? हे खरे नाही. काम पूर्ण असून वाहतूक सुरू आहे. चौकशी? प्रश्न उद्भवत नाही. विलंबाची कारणे? प्रश्न उद्भवत नाही.

आप्पांनी ते वाचलं आणि उठून उभे राहिले, ते पुन्हा कधी नीट बसले नाहीत. “पूल दिला, आन् मला खोटं पाडलं,” ते म्हणाले. “हा मुरूम आत्ताचा. मग आधीचं बिल कशाचं निघालं?”

आत्यानं समजूत घातली, “दादा, मी आले ना चालत? मग पड की खोटा.”

पण आप्पांचं डोकं भरावापाशी अडकलं होतं. रोज काठी घेऊन तिथं जायचे, मुरुमात खुपसायचे, बाहेर काढून पाहायचे. काठी लोण्यात जावी तशी जायची. बाजूनं दगडी बांध धरायचा होता, तो धरलाच नव्हता. घाई उत्तराची होती, पुलाची नव्हती. “वरनं धरणाचं पानी सोडलं का हे जानार,” असं ते भेटेल त्याला सांगत. लोक म्हणायचे, आप्पांना आता चांगलंही बघवत नाही. आप्पा पुन्हा मुंबईला गेले, दुसरा प्रश्न लिहून घेऊन. आमदार भेटले नाहीत. त्यांच्या पीएनं सांगितलं, या विषयाचं उत्तर येऊन गेलंय, आत्ताच परत कसा घेणार. जिन्यात थांबून, उभ्यानं प्रवास करून आप्पा परत आले ते ताप घेऊन. तापातही पाय हलत होते. मी भेटायला गेलो तर म्हणाले, “बघून ये रं, भराव हाय का?”

मी सांगितलं, आहे. तेव्हा होता.

धरणाचं पाणी सुटलं, आणि दोन दिवसांत भराव अख्खाच्या अख्खा नदीनं उचलून नेला. पूल पुन्हा पहिल्यासारखा हवेत. त्याच रात्री आप्पा गेले. सकाळी आत्याला निरोप धाडला. ती निघाली, वरच्या पुलावरून फिरून, दोन एसट्या बदलून. इकडं पाऊस दाटून आलेला, लोक खोळंबलेले, तासाभरानं सगळे म्हणाले, आता किती थांबायचं. आत्या काठावर पोचली तेव्हा चिता अर्धी उतरली होती.

दशक्रियेला आमच्याकडं पुढारी येतातच. नदीच्या घाटावरचा मंडप माझाच होता, मांडणीचे पैसे मी घेणार नव्हतो, भाषणांचे घ्यायला हवे होते. जे आप्पांना चहा पाजून दुसऱ्या तालुक्यात धाडत असत, त्यांतलेच एक माईकवर उभे राहिले. आप्पांच्या एका प्रश्नानं सरकार हललं आणि हा पूल उभा राहिला, असं ते बोलले, हातही मागं पुलाकडं केला. मान मात्र वळवली नाही. लोकांनी माना खाली घातल्या. भाषण संपवून ते सोनाआत्याजवळ आले, वाकून पाया पडले आणि म्हणाले, “आत्या, आप्पांनी लई मोठं काम केलं. तुमचं यायचं-जायचं तरी सोपं झालं.”

आत्या म्हणाली, “मी वरच्या पुलावरनं फिरून आले.”