सहाशे एमएमची लेन्स विकायला निघालो आणि वाटेत ब्रोंबाखचा तलाव लागला

आधीच सांगून टाकते, या पोस्टमध्ये तलावाचा एकही फोटो नाही. सहाशे एमएमची लेन्स घेऊन तलावावर गेलेल्या बाईकडे एकही फोटो नाही, याचं माझ्या मैत्रिणींनाही अजून नवल वाटतंय. का नाही, ते पुढे येईलच.

ही लेन्स मी लग्नाआधी घेतली होती. तेव्हा गेर्लिंगेनला एकटी राहायचे, शनिवार-रविवार पक्ष्यांच्या मागे हिंडायचे. लेन्स म्हणजे अक्षरशः दुधी भोपळा. कॅमेरा आणि ट्रायपॉडसकट पाठीवर घेतली की माणूस पुढून वाकतो. मग लग्न, ब्योब्लिंगेनचं घर, मुलगी. गेल्या वर्षी उजवा खांदा आखडला आणि डॉक्टरीण म्हणाली, जड उचलणं बंद. लेन्स केलरमध्ये, म्हणजे आमच्या तळघरातल्या खोलीत, स्कीच्या बुटांशेजारी जाऊन बसली. नवरा, सुमेध, एकदा सहज म्हणाला, "विकून टाक ना. कोणीतरी वापरेल तरी." मला राग आला, आणि दुसऱ्या दिवशी मीच जाहिरात टाकली.

तासाभरात निम्म्या किमतीला मागणारे चार जण. त्या धक्क्यातून सावरते तोवर न्युरेम्बर्गहून हेर, म्हणजे श्रीयुत, ब्रांडल यांचा मेसेज. निवृत्त शिक्षक, किंमत मान्य, पण काच स्वतः तपासणार आणि पार्सल नको. ठरलं, एप्रिलमधल्या एका रविवारी दुपारी त्यांच्या घरी.

"न्युरेम्बर्गच्या अलीकडे तो मोठा तलाव आहे ना?" पप्पांनी विचारलं. पप्पा म्हणजे सुमेधचे वडील. नागपूरचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर, तीन महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आलेले. जर्मनीत येऊन किल्ले नको, राजवाडे नको, त्यांना ब्रोंबाखचा बांध पाहायचा होता. एका नदीच्या खोऱ्यातलं पाणी वळवून दुसऱ्या खोऱ्यात नेलंय, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. सुमेधला मुलीच्या मैत्रिणीच्या वाढदिवसाची ड्यूटी होती. म्हणून शनिवारी सकाळी आम्ही दोघंच निघालो, सासरे आणि सून. ट्रायपॉड पप्पांनी खांद्यावर टाकला होता.

जाणाऱ्यांसाठी: महिन्याचं तिकीट असेल तर साध्या गाड्यांनी एक पैसाही जास्तीचा लागत नाही. स्टुटगार्टहून न्युरेम्बर्गची रीजनल गाडी धरायची, आन्सबाखला बदलायची, मग गुन्झेनहाउझेन, आणि तिथून डबा-दोन डब्यांची छोटी गाडी थेट तलावाच्या काठी, राम्सबर्गला. बदलाबदलीत वेळ जातो, पण क्राइल्सहाइमच्या पुढे मोहरीची पिवळी शेतं सुरू झाली की मोबाईल आपोआप पिशवीत जातो. डब्यात थालीपीठ होतं, त्यामुळे स्टेशनवरच्या महागड्या ब्रेडची गरज पडली नाही.

राम्सबर्गला पेन्शन, म्हणजे घरगुती लॉज, आधीच घेतली होती. नाश्त्यासकट, स्वच्छ, मालकीण बोलकी. दुपारी तिनेच सुचवलेल्या खानावळीत पप्पांनी कार्प मासा मागवला. इथे तो म्हणे महिन्याच्या नावात 'आर' अक्षर असेल तेव्हाच मिळतो, म्हणजे एप्रिल शेवटचा. ताट आलं आणि आम्ही दोघंही मागे सरकलो. डोक्यापासून शेपटीपर्यंत उभा चिरलेला अर्धा मासा, तळून कमानीसारखा वळलेला, एका डोळ्याने आमच्याकडे बघत होता.

"माय वो," पप्पा म्हणाले, "बाकीचा अर्धा कोणाला दिला?"

पण शेवटी काट्यांसकट ताट साफ केलं. मीठ-मिरी लावून खरपूस तळलेला असतो. नक्की खा.

जेवून आम्ही काठावरच्या पायवाटेने निघालो. वारा होता, थंडी होती, पोहणारे कोणी नव्हते. उन्हाळ्यात इथे पाय ठेवायला जागा नसते म्हणतात. थोड्या उंचवट्यावर एक बाक सापडला. समोर पाण्यात तुरेवाल्या पाणबुड्यांची जोडी नाचत होती. वसंतात हे पक्षी समोरासमोर येऊन माना हलवतात, एकाने केलं की दुसरा करतो. शेवटचा एक फोटो घेऊ आणि मग लेन्स पुसून ठेवू, असा विचार करून मी ट्रायपॉड उभा केला.

आधी पप्पांना बघायला दिलं. ते बराच वेळ डोळा लावून उभे राहिले. "हे तर घरात आल्यासारखं दिसते! आणि तू हे विकून राहिली?" मग लेन्स पक्ष्यांवरून हलली, बांधाच्या दिशेला गेली. मला हसू आलं. शेवटी इंजिनियरच.

"प्राची, ते पाह्य बरं. लाल काय आहे ते?"

नुसत्या डोळ्यांनी मला पाण्यावर लाल ठिपका दिसला. अर्धा-पाऊण किलोमीटर तरी लांब असेल. शेजारून एक जर्मन जोडपं चाललं होतं. त्यांनीही हात डोळ्यांवर धरून पाहिलं. "बोया आहे, तरंगती खूण," तो म्हणाला. "गेनाऊ, बोया," बायकोने दुजोरा दिला, आणि ते पुढे गेले.

मी लेन्सला डोळा लावला. उलटा झालेला लाल कायाक होता तो, वल्ह्याची अरुंद होडी. त्याच्या पाठीवर एक हात आडवा पडलेला. हातामागे डोकं.

मी डोळा काढला तर समोर पुन्हा तोच शांत तलाव, ऊन, एक ठिपका. डोळा लावला की माणूस. दोन्ही एकाच वेळी खरं आहे, हे डोकं मानायलाच तयार नव्हतं.

११२ लावला. इतकी वर्षं इथे नोकरी करतेय, मीटिंगा घेते, पण त्या क्षणी एकही जर्मन शब्द आठवेना. "आल्झो... आल्झो...", म्हणजे 'तर... तर...', एवढंच तोंडातून येत होतं. पलीकडची बाई शांत होती. तुम्ही कुठे आहात? काय दिसतंय? नक्की माणूस आहे का? मी म्हटलं, माझ्याकडे मोठी लेन्स आहे, मला त्याचे केस दिसताहेत. तिने लगेच सूर बदलला. म्हणाली, "बोट निघतेय. पाण्यावरून एवढ्या लाटांत त्यांना तो लवकर दिसणार नाही. फोन ठेवू नका. आणि नजर हलवू नका."

तो किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. वाऱ्याने लेन्स थरथरत होती आणि तेवढ्या थरथरीतही कायाक चौकटीबाहेर जायचा. पप्पांनी न सांगताच ट्रायपॉडचे दोन पाय घट्ट धरले आणि वाऱ्याकडे पाठ करून गुडघ्यावर बसले. मी फोनवर सांगत होते: उजवीकडे सरकतोय, बांधाच्या दिशेने. हात अजून वर आहे. हात घसरला. परत टाकला. माझा आवाज मलाच दुसऱ्या कोणाचा तरी वाटत होता.

"प्राची," खालून पप्पा म्हणाले, "डावीकडेही काही आहे."

"पप्पा, नजर हलवू नका म्हणालीय ती."

"अगं, काळं काहीतरी वरखाली होते. लाकूड नाही ते. मी लाकडं पाहिली आहेत पाण्यात. पाह्य."

लेन्स हलवली आणि हा माणूस पुन्हा सापडलाच नाही तर? मी फोनवर ओरडूनच म्हटलं, एक सेकंद. आणि लेन्स डावीकडे वळवली. पाणी, पाणी, नुसतं राखाडी पाणी. मग एक चेहरा.

बाईचा चेहरा. आकाशाकडे वळलेला, तोंड उघडं. अंगातलं जॅकेट पाण्याच्याच रंगाचं, त्याच्या आधाराने ती तरंगत होती. कायाकपासून खूप लांब गेलेली. मी अजूनही डोळे मिटले की मला तलाव दिसत नाही, तो चेहरा दिसतो.

"दोन आहेत!" मी म्हणाले. "दोन माणसं आहेत!" आणि ते मी मराठीत म्हणाले. पलीकडून "बिटे?", म्हणजे 'काय म्हणालात?', आलं तेव्हा कळलं. मग जर्मनमध्ये सांगितलं.

लेन्स पुन्हा कायाकवर नेली, आणि बोट माझ्या चौकटीत शिरली तेव्हा ती कायाककडेच चालली होती. त्यांनी त्या माणसाला वर ओढलं. त्याची मान एका बाजूला पडली होती, तो काही बोलू शकत असेल असं वाटत नव्हतं. मी लेन्स परत डावीकडच्या त्या चेहऱ्यावर आणली आणि फोनवर सांगत राहिले, डावीकडे, अजून डावीकडे, सरळ. पलीकडची बाई तेच शब्द बोटीला सांगत होती. आणि लेन्समध्ये मला बोट वळताना दिसली. माझ्या शब्दांवर बोट वळत होती. शेवटी कोणीतरी पाण्यात वाकलं आणि राखाडी जॅकेट वर आलं.

हेलिकॉप्टर आलं, गेलं. पोलिसांनी नाव आणि नंबर घेतला. दोघं जिवंत आहेत, एवढंच ते म्हणाले. पप्पांना उठता येईना, त्यांच्या पायांना मुंग्या आल्या होत्या. मी त्यांना हात देऊन उठवलं आणि ट्रायपॉड मिटायला ते बोया म्हणणारं जोडपं परत येऊन मदत करून गेलं. त्यातली बाई रडत होती. "आम्ही तर चालत राहिलो," एवढंच म्हणत होती.

रविवारी नाश्त्याला मालकिणीने न मागता जास्तीची अंडी आणली. गावभर बातमी झाली होती. पप्पांनी अंड्यांना हात लावला नाही. म्हणाले, "सर्व्हिसमध्ये असताना धरणातून माणसं काढलेली पाहिली मी. पुष्कळ पाहिली. पंचनाम्याला उभं राहावं लागे." मग म्हणाले, "जिवंत काढलेलं काल पहिल्यांदा पाहिलं."

हे त्यांनी घरी कोणालाच कधी सांगितलं नव्हतं. सुमेधलाही नाही.

बांध पाहायचा राहिला. पप्पाच नको म्हणाले. प्लाइनफेल्डला गाडी बदलून आम्ही न्युरेम्बर्गला पोचलो. रविवारी दुकानं बंद असतात, पण जुन्या गावात तीन छोटे सॉसेज घातलेला पाव सगळीकडे मिळतो, तो उभ्याउभ्या खाल्ला. किल्ल्यावरून दिसणारी लाल कौलं सुंदर आहेत. असतील. त्या दिवशी मला काही दिसत नव्हतं.

हेर ब्रांडल उंच, सडपातळ, घरात पुस्तकं आणि चहाचा वास. त्यांनी लेन्समध्ये टॉर्च मारून काच बघितली, कड्या फिरवून पाहिल्या, मग स्वतःच्या कॅमेऱ्याला लावून बाल्कनीत नेली. समोरच्या चर्चच्या टोकावर रोखली आणि म्हणाले, "उत्तम. फोकस तुम्हीही एकदा बघा."

मी पुढे झाले. डोळा काचेपर्यंत गेला आणि मला पुढे जाताच येईना. मान वळवून उभी राहिले. माफ करा, म्हटलं, आणि कालचं सगळं सांगितलं. पप्पा सोफ्यावर बसून ऐकत होते, भाषा कळत नसली तरी गोष्ट कुठे पोचली ते त्यांना कळत होतं.

"सकाळी रेडिओवर ऐकलं," हेर ब्रांडल म्हणाले. "ते तुम्ही?" मग त्यांनी लेन्स काढली, दोन्ही झाकणं लावली आणि माझ्याकडे सरकवली. "आज मी ही घेणार नाही."

मला धक्काच बसला. "पण मी एवढ्या लांबून आलेय. आणि मला खरंच विकायची आहे."

"हो. पण आज तुम्ही विकत नाही आहात, टाकून देताय. काही आठवड्यांनी फोन करा. तेव्हाही विकायची असेल तर मी घेईन, याच किमतीत."

मी पप्पांना अर्थ सांगितला. त्यांनी उठून हेर ब्रांडलचा हात दोन्ही हातांत घेतला.

घरी आल्यावर प्रत्येकाचं मत तयार होतं. सुमेध म्हणाला, आता कशी विकशील? ऑफिसातल्या सहकाऱ्यांनी तर तिला फ्रेम करून लावायला सांगितलं. माझी सातव्या वर्षातली लेक जर्मनमध्ये म्हणाली की लेन्सशिवाय ती दोघं मेली असती. सगळे बरोबरच होते. पण बॅगेची चेन उघडायचं धाडस माझ्याकडे नव्हतं. ज्या वस्तूने दोन जीव वाचले तीच डोळ्यासमोर धरवत नाही, हे मी कोणाला आणि कसं सांगणार? जाहिरातीवर 'राखीव' लिहिलेलं तसंच होतं.

मग एका संध्याकाळी पोलिसांचा फोन आला, तलावातून काढलेली ती बाई बोलू इच्छिते, नंबर देऊ का? मी हो म्हटलं. पाठोपाठ तिचा फोन. पप्पा स्वयंपाकघरात लसूण सोलत होते.

तिचा नवरा बरा होता. तीही कामावर जायला लागली होती. आभार मानून झाल्यावर ती थोडी अडखळली. "मी ओरडत होते," ती म्हणाली. "मग आवाज निघेना. काठावर माणसं चालताना दिसत होती आणि मला खात्री होती की मी कोणालाच दिसत नाहीये. मला फक्त विचारायचंय, मी तुम्हाला खरंच दिसत होते?"

"हो," मी म्हटलं. "तुमचा चेहरा दिसत होता. डोळे उघडे होते. बोट तुमच्याकडे निघाल्यापासून तुम्ही वर येईपर्यंत मी तुमच्यावरून नजर काढली नाही."

पलीकडे ती रडायला लागली आणि इकडे मी. "पण आधी तुम्हाला माझ्या सासऱ्यांनी पाहिलं," मी सांगितलं. "लेन्सशिवाय." ती म्हणाली, मला त्यांच्याशी बोलायचंय. भाषा येत नाही त्यांना, म्हटलं. तरी द्या, म्हणाली.

पप्पांनी हात पुसून फोन घेतला. "बेटा, बरी आहेस ना?" ते मराठीत म्हणाले. पलीकडून ती जर्मनमध्ये काहीतरी सांगत राहिली, बराच वेळ. पप्पा "हो, हो बाई" म्हणत राहिले. मी मध्ये पडले नाही.

दुसऱ्या दिवशी हेर ब्रांडलना कळवलं, विकत नाहीये. तुम्हाला हवी तेव्हा वापरायला घेऊन जा. ते म्हणाले, मेमध्ये येतो.

खांदा अजून दुखतो. पप्पा आहेत तोवर ओझं ते उचलतात, मग बघू. गेल्या शनिवारी पुन्हा एका तलावावर गेलो होतो. लेन्स लावली आणि डोळा टेकला. आता एक सवय लागलीय. पाणकोंबडी असो की बगळा, आधी सगळ्या पाण्यावरून लेन्स सावकाश फिरवते, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पाणी रिकामं आहे याची खात्री झाली, की मग पक्षी.