पलीकडच्या काठावरची पाहणी
गाडीत टांगतात त्या लिंबाच्या सेंटचा वास आला की मी अजून नाकाला पदर लावते. शेणव्याकडच्या आमच्या पाड्यापुढं ओहळ आहे. त्यावर साकव, म्हणजे चालण्यापुरता पूल, व्हावा म्हणून आम्ही बायकांनी जिल्ह्याच्या निधीतून मागणी केली होती. भादव्यात इंजिनियर पाहणीला आले. ओहळ मांडीपर्यंत गढूळ वाहत होता, म्हणून ते पलीकडच्या काठावर गाडीतच बसून राहिले आणि काच जराशी खाली करून ओरडले, "वस्ती कमी आहे, साकव नियमात बसत नाही!" श्रावणात माझ्या काकूच्या सुनेला कळा देताना ह्याच पाण्यातून झोळीत घालून नेलं होतं, आणि तिचं बाळ वाचलं नव्हतं. काकू लुगडं खोचून सरळ पाण्यात उतरली, मी तिच्या मागं. तिनं गाडीचं दार उघडलं तसा तो वास अंगावर आला. "उतर रे," काकू म्हणाली, "आमच्या बाजूला ये, मग सांग बसतो का नाय." ते भडकले. "सरकारी कामात अडथळा आणताय, केस करीन!" "कर ना. पन नोटीस द्यायला तरी तुला याच पान्यात उतरावं लागंल." त्यांनी दार ओढून घेतलं आणि आमच्या अंगावर चिखल उडवत निघून गेले. पुढं आमचा अर्ज परत आला, त्यावर शेरा होता, 'ग्रामस्थांचा विरोध'. काही वर्षांनी दुसऱ्याच निधीतून साकव झाला, आता मी रोज त्यावरून जाते. पण तो शेरा अगदीच खोटा नव्हता. विरोध होता, फक्त तो साकवाला नव्हता, आणि तो अजून गेलेला नाही.