खुलताबादच्या कड्यावर दाढीवाली आत्या

फुलंब्रीहून आत्याचा फोन आला. तिच्या शेळीला टीव्हीवर काम मिळालं होतं आणि सोबतीला मी हवी होते. शनिवार-रविवार मोकळा होता, पुण्याहून एसटी पकडली.

मालिका लहान मुलांची. नायक धूमकेतू आजोबा उडण्याआधी कवळी काढून खिशात ठेवतात आणि संकटाच्या जागी पोचल्यावर आपण कशाला आलो तेच विसरतात. या भागात ते कड्यावर अडकलेली शेळी सोडवणार होते.

आत्या बहात्तर वर्षांची, उभा जन्म मेंढरांमागं गेलेला. गेल्या साली गच्चीच्या जिन्यावरून घसरली, तेव्हापासून तिच्या मुलानं, म्हणजे माझ्या दादानं, जिन्याला कुलूप लावलंय. निघताना त्यानं मला तिचा हात सोडायचा नाही असं बजावलं. मी शब्द दिला.

रविवारी सकाळी टेम्पोत पुढं आम्ही, मागं शेळी. हर्सूलपर्यंत रस्ता झकास, शहरात मात्र तास जातो, तेव्हा सातच्या आत निघा. दौलताबादला घाटाआधी तिखटमीठ लावलेले पेरू मिळतात. शेळी सोबत असेल तर जास्तीचे घ्या.

खुलताबादजवळच्या डोंगरात शूटिंग होतं. शेळीनं खालच्या दगडावर उभं राहायचं होतं. ती थेट वरच्या कड्यावर गेली आणि तिथंच रवंथ करत बसली. आजोबांचं काम करणारा नट सव्वीस वर्षांचा. चिकटवलेली दाढी सावरत चार पावलं चढला आणि घेरी येते म्हणून खाली बसला. मी त्याला पाणी द्यायला वळले, तेवढ्यात आत्यानं नऊवारी खोचली आणि पाच मिनिटांत शेळी खांद्यावर घेऊन खाली आली.

दिग्दर्शकानं तिला पुन्हा चढायची विनंती केली. या वेळी दाढी, धोतर आणि पाठीवर लाल कापड. मी नको म्हणाले, दादाचं नाव घेतलं. आत्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, हनुवटी पुढं करून डिंक लावून घेत होती.

पहिल्यांदा शेळी दाढी बघून पळाली. दुसऱ्यांदा आत्या वर पोचली, पण दिग्दर्शकाला पटेना. तो आदबीनं म्हणाला, "मावशी, जरा म्हाताऱ्यासारखं चढा ना."

आत्याला ते येत नव्हतं. मग त्या सव्वीस वर्षांच्या पोरानं कंबरेवर हात ठेवून, गुडघे वाकवून, कण्हत तिला चालून दाखवलं. तिनं मन लावून पाहिलं.

"असं कोण चालतं रे?" तिनं विचारलं.

"सगळे आजोबा, आजी."

"बरं," ती म्हणाली आणि तशी चढली. तो शॉट एकदम ओके झाला.

परतीच्या वाटेत दाढीचा डिंक खोबरेल तेलानं निघतो हे कळलं. लिहून ठेवा.

महिन्यानं तो भाग लागला. माझ्या मुलांना आजोबा फार आवडले. रात्री आत्याचा फोन आला. दादानंही घरी सगळ्यांसोबत बघितलं होतं.

"ओळखलं त्यानं?"

"नाय. म्हणला, आई, हे सगळं खोटं असतंय. आत कुणीतरी तरणं पोरगं घातलेलं. ह्या वयात असं जमतं व्हय?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हणलं, नाय जमत बाबा." मग म्हणाली, "लई बरं वाटलं पोरी."