खिशावरची हळद
गॅलरीत टांगलेली डिस्क उन्हात लकाकली की मला बहिणीची हळद आठवते. वडील चाकणला शिफ्टमध्ये अडकले होते. त्यांना सगळं जसंच्या तसं दिसावं म्हणून मी एचडीत शूटिंग केलं. भावाच्या हट्टापायी आधी ब्लू-रेवर भरलं, तर आमचा ब्लू-रे प्लेअर घरी भरलेली ती डिस्क ओळखेचना. साध्या डीव्हीडीवर चेहरे धुरकट. शेवटी मी साध्याच डिस्कवर एचडी फॉरमॅट निवडला आणि टीव्ही उजळला! बहिणीनं खुंटीवरच्या वडिलांच्या कंपनीच्या शर्टाच्या खिशावर हळदीचा हात ठेवला, तेही लख्ख दिसलं. टीव्हीसमोर बसलेले वडील ताडकन उठले, "म्हंजे खिशावरचा तो पिवळा डाग हिचा व्हय!" दुसऱ्या दिवशी तोच शर्ट घालून छाती काढून शिफ्टला गेले. भावाची ब्लू-रे मात्र आजही कबुतरं हाकलते.