डावी बाजू

बगदादच्या दोरा मोहल्ल्यातलं आमचं चर्च बांधलं, तेव्हा माझे यजमान योनान विशीत होते. वेदीच्या दोन्ही बाजूंना वीस-वीस गायक उभे राहायचे. एक ओळ उजवीकडून, पुढची डावीकडून. मग स्फोट झाले, माणसं परदेशी पांगली. चार वर्षं हे एकटेच गातात. उजवीकडे ओळ म्हणायची, लंगडत डावीकडे जायचं, पुढची म्हणायची.

"अहो, लेकीने सिडनीला कायमचं बोलावलंय, व्हिसाची मुदत महिनाभरच उरलीय. गाताय कुणासाठी, खांबांसाठी?" मी रोज डोकेफोड करते.

"मी गेलो की चर्चला कुलूप लागेल," एवढंच बोलतात.

गेल्या रविवारी यांचा गुडघाच धरला. उजवीकडची ओळ संपली, पाऊल उचलेना. पाद्री थांबले. हे रिकाम्या डाव्या बाजूकडे बघत राहिले, कुणीतरी म्हणेल म्हणून. मला बघवेना. मी उठले, डावीकडे उभी राहिले आणि पुढची ओळ म्हटली.

घरी येताना हे कित्येक वर्षांनी हसले. "दोन्ही बाजू भरल्या, शमिरान. आता कसलं सिडनी?"

जळो माझी जीभ!