राहून गेलेला अ

आमची आत्या गावच्या साप्ताहिकात जुळारी होती. शिशाचे खिळे एकेक करून ओळीत बसवायचे, की बातमी तयार. हे खिळे उलटे असतात, म्हणून आत्या उलटं वाचायची आणि सुलटं बोलायची. फारच सुलटं! तिच्या तोंडाला लागायला आमचे वडीलसुद्धा धजत नसत. घर मात्र तिच्याच पगारावर चालायचं आणि मला त्याचा भारी तोरा होता.

छापखान्यासमोरच्या माडीवर रेडिओ केंद्र निघालं, तसं संपादकांचं पित्त खवळलं. "जो कुणी तो जिना चढेल, त्यानं परत माझा उंबरा चढायचा नाही," असं त्यांनी सगळ्यांना बजावलं. घरातला रेडिओही त्यांनी माळ्यावर टाकला.

एकदा ते परगावी लग्नाला गेलेले असताना अंक निघाला. त्या आठवड्यात कुणीतरी निवडून आलं होतं. अभिनंदनाच्या जाहिरातींचा नुसता पाऊस पडला आणि खिळ्यांच्या पेटीतला 'अ'चा खण रिकामा झाला. पाण्याच्या टाकीच्या बातमीत आत्यानं एका अ-ची जागा मोकळी सोडली. जाहिरातींचं पान छापून सुटलं, की त्यातला अ इथे बसवायचा, हा नेहमीचाच रिवाज. तिनं तो काढूनही ठेवला. तेवढ्यात यंत्रवाल्यानं पानासाठी घाई केली आणि पान तसंच यंत्रावर चढलं.

सकाळी तो अ टेबलावर तसाच पडलेला आत्याला दिसला. अंक घरोघरी पोचला होता. 'टाकीचे पाणी पिण्यास योग्य,' असं गाव वाचत होतं.

आत्या तडक समोरचा जिना चढली. नोकरी जाणार हे तिला स्वच्छ दिसत होतं.

निवेदक भला माणूस. म्हणाला, "बाई, छपाईची चूक झाली म्हणा. तुमचं नाव कशाला मध्ये?"

"छपाईला काय हात असतात? बाजूला व्हा."

आणि सगळ्या गावानं ऐकलं, "मी समोरच्या पेपरची जुळारी. बातमीत माझ्या हातून अ राहिला. पाणी पिण्यास अयोग्य आहे. उकळूनच प्या. चूक माझी आहे."

'चूक माझी' हे शब्द आमच्या गावात तोवर कुठल्या पेपरानं छापले नव्हते, की कुठल्या रेडिओनं उच्चारले नव्हते. मी दारात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होतो, ही माझी आत्या बोलतेय!

गावानं पाणी उकळलं. आजारी पडला तो एकच माणूस. दुपारी परगावाहून येऊन, स्वतःचा पेपर वाचून, निर्धास्तपणे तांब्याभर पाणी प्यालेले संपादक.

त्यांनी आत्याला घरी बोलावलं. अंथरुणातूनच कडाडले, "बाई, माझ्या पेपरची अब्रू तुम्ही रेडिओवर नेऊन टांगलीत!"

"टांगली खरी. पण गाव धडधाकट आहे. तुमचं काय?"

संपादक पोट धरून मोरीकडे पळाले. परत आले, तेव्हा आत्यानं पुढच्या अंकाच्या पहिल्या पानाचा कच्चा छाप त्यांच्यापुढे धरला. अग्रलेखाच्याही वर तिची दुरुस्ती होती.

संपादकांनी तो हातात घेतला. "एवढ्या मोठ्या अक्षरात?"

"चूक तेवढी होती."

त्यांनी उशाचं पेन घेतलं आणि सही केली. कागद परत देताना म्हणाले, "उद्या वेळेवर या."